रंगाआप्पांची हाक

सकाळी बरोबर सव्वाआठला माझा फोन वाजतो. मी उचलतो आणि ‘हॅलो’ म्हणतो. पलीकडून फोन कट होतो.

फोन करणाऱ्याला काही सांगायचं नसतं आणि काही विचारायचंही नसतं. मी आहे एवढं कळलं, की त्यांचं काम झालं. दोन वर्षं झाली, गुरुवारची साप्ताहिक सुट्टी सोडली तर एक दिवस खंड नाही. पहिल्या आठवड्यात मी चिडून कंपनीत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि ही काय थट्टा आहे असं विचारलं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, “थट्टा न्हाई भाऊसाहेब. हाक मारली, ओ आली, इषय संपला.”

हे आमचे रंगाआप्पा. रांजणगावला आम्ही एकाच कारखान्यात आहोत. मी स्टोअरमध्ये, म्हणजे नटबोल्टपासून झाडूपर्यंत सगळ्याची नोंद ठेवणारा. आप्पा नेटवर्कचे ॲडमिनिस्ट्रेटर. हा हुद्दा त्यांच्या ओळखपत्रावर इंग्रजीत लिहिलेला आहे आणि तो वाचून झाल्यावर लोक एकदा आप्पांकडे बघतात. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात तंबाखूची पुडी आणि गळ्यात सर्व्हर रूमची किल्ली असा ॲडमिनिस्ट्रेटर त्यांनी बहुधा पाहिलेला नसतो. आप्पा न्हावऱ्याचे. वस्तीवर घर, मागे ऊस. तिथून रोज मोटरसायकलवर येतात आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी अर्धा तास हजर असतात.

ते हाकेचं खूळ कुठून आलं, तर उसातून. न्हावऱ्याच्या बाजूला उसात बिबट्या असतो. तो आहे की नाही यावर कुणी वाद घालत नाही. कुणी पाणी धरायला उसात शिरलं, की घरचं माणूस बांधावरून थोड्या थोड्या वेळानं हाक मारतं. आतून ओ आली, की बाहेरच्याचा जीव भांड्यात पडतो. तीन हाकांना ओ आली नाही तर फोन फिरतात आणि सगळी वस्ती काठ्या घेऊन धावते. आप्पा लहानपणापासून हेच करत आले. पुढे संगणकाच्या कोर्सात त्यांना शिकवलं, की एका मशीनवरून दुसऱ्याला छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर आलं तर ते जिवंत आहे असं समजायचं. आप्पा म्हणतात, मास्तर तासभर समजावत होते आणि मला वाटत होतं, ह्यात शिकवण्यासारखं काय हाय.

तर आप्पांनी वीस वर्षं कारखान्याचं नेटवर्क हाका मारून सांभाळलं. रोज सकाळी काळ्या पडद्यावर एकेका यंत्राला हाक मारायची, उत्तर आलं की हजेरीच्या वहीत बरोबरची खूण करायची. आणि यंत्रांना नावं. मुख्य स्विच म्हणजे सर्ज्या. प्रेस शॉपमधला राजा. वायफायच्या डब्या म्हणजे गाई: तांबडी, कपिली, मोरी. पेंट शॉपमधली डबी वारंवार बंद पडायची, तिचं नाव मारकी. नव्या माणसाला आप्पा फोनवर सांगायचे, की मारकीच्या पाठीमागची वायर काढून घाला, आणि तो बिचारा स्टोअरमध्ये येऊन मला विचारायचा, की ही गाय कुठल्या शेडमध्ये बांधली आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पुण्याच्या मुख्य कार्यालयातून नेटवर्क सांभाळण्याचं सॉफ्टवेअर आलं, आणि ते शिकवायला शर्वरी मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. पंधरा दिवसांत सगळी यंत्रं सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायची. प्रत्येक यंत्रापुढे एक ठिपका दिसेल, चालू असेल तर हिरवा, उत्तर देत नसेल तर लाल. पंधराव्या दिवशी यादीत एकही लाल ठिपका नसला तर नेटवर्क रांजणगावच्याच ताब्यात राहील. असला, तर सगळं पुण्याहून बघितलं जाईल आणि आप्पांना वजनकाट्यावर पाठवतील.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. कँटीनमध्ये डबा तसाच झाकून ठेवला आणि मला म्हणाले, “काट्यावर दिवसभर ट्रक येत्यात आन् जात्यात. तिथं हाक कुनाला मारायची?”

पण आप्पा हटणारे नव्हते. सॉफ्टवेअरबरोबर ‘सुरुवात कशी करावी’ अशी चाळीस पानी पुस्तिका होती. तिला त्यांनी शाळेतल्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं. सर्व्हरला हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली. धुराची सूचना देणारी घंटा वाजू लागली तेव्हा उदबत्ती विझवली. नारळ मात्र मॅडमनी बाहेर फोडायला लावला. मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कारखान्याच्या जाळ्याचे पत्ते कुठून कुठपर्यंत आहेत ते सॉफ्टवेअरला दिलं आणि शोधाचं बटण दाबलं. पाच मिनिटांत सगळी यंत्रं पडद्यावर ओळीनं येऊन उभी राहिली. आप्पा बघतच राहिले. ज्या कामाला त्यांची सकाळ जायची ते चहा निवायच्या आत झालं होतं. मला वाटलं ते खट्टू होतील, पण ते म्हणाले, “माझ्यापेक्षा जोरात हाक मारतंय हे.”

नावांवरून मात्र तंटा झाला. मॅडमचं म्हणणं, इमारत, मजला, क्रमांक अशीच नावं हवीत. आप्पांचं म्हणणं, नंबरानं हाक मारल्यावर कोण ओ देईल? दोन दिवस कुणीच मागे हटेना. शेवटी नंबर आधी आणि नाव मागे असा तोडगा निघाला, आणि मॅडमच्या अहवालात सर्ज्या, कपिली आणि मारकी पुण्याला पोहोचल्या.

पुढचं प्रकरण सूचनांचं. एखादं यंत्र बंद पडलं तर मोबाईलवर सूचना कुणाकुणाला जावी, ते ठरवायचं होतं. तिथं शहाणा माणूस दोन नावं टाकतो. आप्पांनी वस्तीचा हिशेब लावला. संकट आलं की सगळ्यांना कळलं पाहिजे. त्यांनी प्लांटचे मोठे साहेब, सगळे सुपरवायझर, मी, गेटवरचे पहारेकरी, कँटीनचे मामा, अग्निशमन पथक आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर अशी चाळीसएक नावं भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेस शॉपच्या प्रिंटरमधला कागद संपला.

चाळीस मोबाईल एकदम वाजले. संदेशात प्रेस शॉप, गंभीर, ताबडतोब लक्ष द्या, एवढंच होतं. अग्निशमन पथक पाइप उलगडत धावलं. रुग्णवाहिका दारात येऊन लागली. कँटीनचे मामा हातात झारा घेऊनच आले. मोठे साहेब धापा टाकत पोहोचले तेव्हा प्रिंटरभोवती पन्नास माणसं होती आणि आप्पा मधोमध उभे राहून प्रिंटरमध्ये कागद भरत होते. ते साहेबांना समाधानानं म्हणाले, की बघा, एका हाकेला सगळी आली. मॅडमनी संध्याकाळी बसून अडतीस नावं काढली. आप्पांनी कँटीनच्या मामांसाठी शेवटपर्यंत रदबदली केली.

चौदाव्या दिवशी मॅडमनी मला सर्व्हर रूममध्ये बोलावलं. सॉफ्टवेअरची यादी स्टोअरच्या रजिस्टरशी ताडून बघायची होती. मी नोंद वाचायचो, मॅडम पडद्यावर बघायच्या, आप्पा नाव सांगायचे. ठिपके सगळे हिरवे. मारकीसुद्धा त्या दिवशी शहाण्यासारखी वागत होती. शेवटच्या ओळीत एकच लाल ठिपका होता. त्याच्यापुढे नंबर नव्हता, नुसतं नाव होतं: इंदू.

आप्पा चष्मा काढून पुसू लागले. दोन आठवडे गाईबैल ऐकून माझी जीभ सैल झालेली होती. मी म्हणालो, “आप्पा, ही कुठली गाय?”

ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. आप्पांच्या बायकोच्या दशक्रियेला मी गेलो होतो. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत नाव होतं, ते मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. आमच्यासाठी त्या वहिनी होत्या. आप्पांच्या तोंडाकडे बघितल्यावर मला ते नाव आठवलं आणि मान वर करवेना.

आप्पांनी मग हळूहळू सांगितलं. लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून कंपनीनं त्यांच्या वस्तीवर एक राऊटर बसवून दिला होता. पुढे तो कुणी परत मागितला नाही. आप्पा सातला घरून निघायचे. वहिनी धारा काढून, दूध घालून, घरात यायच्या आणि मुलीशी व्हिडिओवर बोलायला म्हणून राऊटरचं बटण दाबायच्या. तेव्हा सव्वाआठ वाजलेले असायचे. आप्पा इकडून हाक मारायचे आणि उत्तर यायचं. म्हणजे धारा झाल्या, दूध गेलं, बाई घरात आली. वहिनींना हे ठाऊकसुद्धा नव्हतं. त्या गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि आप्पा अजून रोज हाक मारत होते, म्हणून यादीत ते नावही त्यांनी स्वतःच हातानं भरलं होतं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. माझा फोन वाजू लागला त्यालाही दोन वर्षंच झाली होती.

मॅडमचा हात माउसवर होता. ओळ काढून टाकायला एक बटण पुरेसं होतं. त्यांनी ते दाबलं नाही. मला एक युक्ती सुचली आणि ती मी बोलून बसलो. घरातून निघताना राऊटर चालू ठेवून या, म्हणजे उद्या ठिपका आपोआप हिरवा होईल आणि कुणाला काही सांगायला नको.

आप्पांनी मान हलवली. “निघताना बटनं बंद करायची तिची शिस्त हाय, ती मोडायची न्हाई. आन् मीच चालू करून आलो, तर ती ओ कुनाची? माझी मलाच.”

मग मॅडमनी टेबलावरची खाकी कव्हरची पुस्तिका उचलली, पानं उलटली आणि एक पान आप्पांपुढे धरलं. यंत्र देखभालीसाठी बाजूला ठेवायची सोय त्यात होती. नाव यादीत राहतं. ठिपका राखाडी होतो आणि लालमध्ये मोजला जात नाही. फक्त सॉफ्टवेअर त्या यंत्राला हाक मारायचं थांबतं. त्या पानावर पेन्सिलीची खूण होती. आप्पांनी ते आधीच वाचलेलं होतं.

“नाव राहील,” मॅडम म्हणाल्या. “हाक मात्र थांबवावी लागेल, आप्पा.”

आप्पांनी मॅडमकडून माउस घेतला आणि स्वतःच ते बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, कधीपर्यंत? आप्पांनी आपल्या निवृत्तीची तारीख घातली. म्हणाले, “तवर असू द्या. म्होरं मी घरीच हाय.” ठिपका राखाडी झाला. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि वजनकाटा टळल्याचा आनंद झाला तो दुसऱ्या दिवशी.

नेटवर्क रांजणगावला राहिलं. मॅडम जाताना आप्पांच्या पाया पडल्या, आणि आप्पांनी त्यांचा नंबर लगेच घेतला. मी त्यांना सावध करणार होतो, पण म्हटलं, सव्वाआठला कळेल.

मी आप्पांना विचारलं, की एवढ्या माणसांत रोजच्या हाकेला मीच का? ते म्हणाले, “तुमी चिडता, पर पहिल्या रिंगला उचलता.” आणि गुरुवारी का नाही, तर सुट्टीला ज्याची त्याची माणसं घरात असतात, मधे कशाला पडायचं.

पुढचा गुरुवार आला. मी शिरूरला घरी चहाचा कप घेऊन बसलो होतो. सव्वाआठ वाजले आणि फोन वाजला नाही, तो वाजणार नव्हताच. बायको म्हणाली, आज निवांत आहे ना? मी कप खाली ठेवला आणि न्हावऱ्याला फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. आप्पा ‘हॅलो’ म्हणाले नाहीत.

“ओ,” ते म्हणाले.

“काही नाही आप्पा. हाक मारली.”

मला वाटलं, आता ते कट करतील. पलीकडे कुठेतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. आप्पा तसेच फोन धरून होते.

“इषय संपला?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “चहा टाका. गाडी काढतोय.”