सैकालचा अपुरा दम

"सात मात्रा! सातालाच संपला दम," बुरुलचा एजे पियानोचं झाकण आपटत म्हणाल्या. "सैकाल, फुफ्फुसं घरी ठेवून येतेस का गं? उद्या समूहगानात मागच्या रांगेत उभी राहा. सोमवारी निकाल लिहिते तुझा."

निकाल काय लागणार हे सैकालला ठाऊक होतं. नापास झालं की वसतिगृह सुटणार आणि वडिलांच्या घोड्या दोहायला डोंगरावर परत जावं लागणार.

सगळं नारीन गाव बुरुलचाबाईंना मानाने एजे, म्हणजे ताई, म्हणे. त्यांच्यासारखा कान गावात दुसरा नव्हता. एकेकीला समोर बसवून त्यांनी या संगीतशाळेतले बारा गळे घडवले होते. त्या बाराजणींचं समूहगान बसवायचे तेमिरकान आगाय, म्हणजे तेमिरकान सर. गाण्याच्या शेवटी सोळा मात्रांचा एकच लांब सूर होता. "शेजारीण गात असेल तेव्हा हळूच श्वास चोरायचा," आगाय सांगायचे. "सूर तुटता कामा नये."

चोरी हा शब्दच एजेंना खपत नसे. त्याच संध्याकाळी त्यांनी बाकीच्या अकराजणींना एकेकटं बोलावलं. "तुला म्हणून सांगते. बारा मात्रा सलग धर, मग ऐटीत श्वास घे. कुणाला बोलू नकोस." मुली गुणी होत्या, कुणी कुणाला बोललं नाही. सैकालला सांगण्यात काही अर्थच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. राजधानी बिश्केकहून परीक्षक आले. शेवटचा सूर लागला, आणि खरं सांगायचं तर तसा सूर नारीनने आजवर ऐकला नव्हता. म्हाताऱ्यांच्या हातातले तळलेले बोरसोक हातातच राहिले. सैकालने सवयीप्रमाणे सातव्या मात्रेला श्वास चोरला. बारावी मात्रा आली आणि अकराजणी एकदमच ऐटीत थांबल्या.

आगायांचा हात हवेत थिजला. एजेंनी डोळे मिटून घेतले. पण सूर तुटला नव्हता. मागच्या रांगेतून एकच आवाज येत होता, दोऱ्याएवढा बारीक आणि नेमका जागेवर. सैकालला पळून जावंसं वाटत होतं, पण दम अजून शिल्लक होता. मग अकराजणी त्याच दोऱ्याला धरून परत आल्या.

"एकटीचा आवाज ठेवायची कल्पना कुणाची?" परीक्षकांनी डोळे पुसत विचारलं.

"तिला मीच शिकवते," एजे म्हणाल्या. आगाय नुसते खोकले.

सोमवारी सैकालच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहून झालं. मग एजेंनी वर्षात पहिल्यांदाच साऱ्यांना एकत्र बसवलं आणि सैकालला पुढे उभं केलं.

"शिकव यांना," त्या म्हणाल्या, "दम सातालाच कसा संपवायचा ते."