एकभुक्त सरकार आणि मागल्या खोलीचे ताट

श्री. जे जेवले ते सुखी असोत, जे उपाशी राहिले ते क्षमा करोत, आणि जे दुसऱ्याच्या नावे जेविले त्यांची हकिकत येणेप्रमाणे. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, भाद्रपद मास. नदीच्या वळणावर एक राज्य होते. दक्षिणेस ऊस, उत्तरेस ओढा, पूर्वेस भावकी आणि पश्चिमेस पुन्हा भावकी, अशी चतुःसीमा. राज्याचे नाव लिहिणे नाही, कारण भावकी वाचावयास शिकलेली आहे. फौजेत दोन म्हशी, एक बैलजोडी आणि एक कुत्रे, ते बिनपगारी. गादीवर आनंदराव तात्या विराजमान. त्यांची कीर्ती अशी की, गेली अकरा वर्षे सरकार एकभुक्त आहेत, म्हणजे दुपारी एकवेळ जेवतात आणि संध्याकाळी तांब्याभर पाण्यावर पाठ टेकतात. शाळेच्या गुरुजींनी एकदा मुले रांगेने आणून दाखविली की, पाहा, संयम म्हणतात तो हा. मुलांनी पाहिले तो संयमाची ढेरी धोतरावर आलेली. परंतु थोरांचे पोट तेजाने वाढते असा खुलासा गुरुजींनी केला आणि मुले परत नेली.

त्या राज्यात वैशाखात सूनबाई आल्या. नाव वैजयंताबाई, माहेर घाटापलीकडचे, शिक्षण बारावी, नजर सोनाराची. त्यांचे यजमान दिनकरराव साखर कारखान्यात फिटर, पाळी करून येत आणि निजत, त्यामुळे राज्यकारभार त्यांस ठाऊक नसे. मग सासूबाई कृष्णाबाई यांनी पहिल्याच दिवशी सूनबाईस रिवाज सांगितला, तो असा की, दिवेलागणीस एक ताट मागल्या खोलीत जाते. गोठ्यापलीकडे ती खोली, दाराला बाहेरून कडी. आत तात्यांची धाकटी बहीण हौसाबाई, अकरा वर्षांमागे ऐन लग्नाच्या दिवशी अंगावरून वारे गेले, तेव्हापासून माणसाचे तोंड पाहत नाही, एका भावाखेरीज. म्हणून ताट तात्या स्वतः नेत, आत घटकाभर बसत आणि रिकामे ताट घेऊन ढेकर देत बाहेर येत. सूनबाईंनी ढेकरांचे कारण विचारिले, तो तात्या बोलिले, "बहिणीचं दुःख ऐकून पोटात वायू धरतो गं." सूनबाईंनी मान डोलविली, परंतु मनात भय बैसले. कारण कडी बाहेरून होती. या घरात बाईमाणसास कोंडतात काय, आणि कोंडतात तर पुढली पाळी कोणाची, हा विचार त्यांस भाकरी थापतानाही सोडीना. यजमानांस विचारिले, तो ते बोलिले, "हौसाआत्या? मी सातवीत होतो तवा आजारी पडली. तिकडं जायचं न्हाई, तात्यांचा हुकूम हाय." आणि कूस बदलून घोरो लागले.

मग आषाढ लागला आणि माहेरून पत्र आले की, नागपंचमीस न्यावयास भाऊ चतुर्थीच्या दिवशी येतो. पत्र वाचून सूनबाईंनी मनाशी निश्चय केला तो असा की, तोवर त्या खोलीचा छडा लागला तर बरे, न लागला तर माहेरी जाणे आणि पुन्हा या उंबऱ्यास पाय न लावणे. नव्या लग्नाची पोर, हातची मेंदी जाऊन महिना झाला नाही, आणि असा निश्चय करावा लागला, हे लिहिताना आमचे मन दुखते. परंतु त्या रडत बसल्या नाहीत, टेहळणी सुरू केली. प्रथम ध्यानी आले ते शनिवारचे. दर शनिवारी ताट जसेच्या तसे भरलेले परत येई, भाकरीचा पापुद्रासुद्धा मोडलेला नसे, आणि तात्या म्हणत, "आज तिला अन्नावर वासना न्हाई." एक शनिवार गेला, दुसरा गेला, चार गेले. आजारी माणसाची वासना वार पाहून जाते कशी? आणि शनिवारी या घरात मारुतीचा निरंकार उपास कोण करिते? तर एक तात्याच. दुपारचेही जेवीत नाहीत, मग संध्याकाळचे कसचे. लबाडी करणाऱ्याने जगाला फसवावे, परंतु मारुतीला फसवण्याची छाती तात्यांची नव्हती, आणि तिथेच मसलत उघडी पडली. सूनबाईंनी तरी खात्री करावी म्हणून मंगळवारी ताटात लवंगी मिरचीचा ठेचा वाढिला, वर तेल सोडले नाही, आणि दाराशी उभ्या राहिल्या. घटकेने सरकारस्वारी बाहेर आली तो डोळ्यांस धारा, नाक लाल, कानशिले तापलेली, आणि हौदाशी जाऊन तीन तांबे पाणी प्याली. सूनबाई बोलिल्या, "काय झालं, मामंजी?" तात्या बोलिले, "आज लई रडवलं तिनं."

एवढे कळले की जेवतात ते तात्या. परंतु मग हौसाबाई काय खातात? दुसऱ्या दिवशी भरदुपारी, तात्या उसाला पाणी पाजावयास गेलेले पाहून, त्यांनी कडी काढिली. आत एक पाट, एक तांब्या, लोणच्याची बरणी, जुन्या वर्तमानपत्रांची चळत आणि भिंतीशी टेकायला तक्क्या. माणूस नाही. बांगडी नाही, लुगडे नाही, केसाचा गुंतवळसुद्धा नाही. अकरा वर्षे ज्या बाईचे ताट जाते ती बाईच नाही! मग ती आहे कोठे? परसातल्या चिंचेखालची माती जरा उंच दिसे, ती सूनबाईंस अधिकच उंच दिसो लागली. (तिथे म्हैस पुरली होती. हे त्यांस मागाहून कळले.) त्या दिवशी त्यांनी कालवणात मीठ दोनदा घातले, आणि सासूबाई एक अक्षर बोलिल्या नाहीत, हेही त्यांस भयंकर वाटले.

मग चतुर्थी उजाडली. भाऊ यायला दोन घटका अवकाश. तात्या सोप्यात बसून कासरा वळीत होते. सूनबाई पदर खोचून पुढे आल्या आणि बोलिल्या, "मामंजी, येक इचारते, खरं सांगा. हौसाआत्या जित्या हायेत का?" तात्यांनी कासरा खाली ठेविला. म्हणाले, "म्हंजे?" सूनबाई बोलिल्या, "मी खोली बघितली. तिथं कुणी न्हाई. ताट तुमी खाता. मला माझ्या जिवाचं भ्या वाटतंय, मामंजी. तिला मारलीसा का?" हे ऐकताच तात्या आधी ताठ झाले, मग एकाएकी एवढे लहान झाले की, गादी त्यांस मोठी दिसो लागली. आणि रडत बोलिले, "अगं, मारीन कशी? पाठीवर घेऊन वाढवलीय तिला." मग सगळे बाहेर आले ते असे की, लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वेशीत आले आणि हौसाबाई तालुक्याच्या स्टँडवर हॉटेल चालविणाऱ्या एका माणसाबरोबर गेल्या. जात वेगळी. वऱ्हाडाला काय सांगावे सुचेना, म्हणून तात्यांनी रिकाम्या खोलीला कडी घातली आणि तोंडाला आले ते आजारपण सांगितले. मग आजाऱ्याला ताट नको का? ताट गेले. अन्न टाकावे तर पाप, म्हणून आपण खाल्ले. पहिला महिना संध्याकाळी दोन दोन ताटे जेवून पोट फुटायची वेळ आली, तेव्हा स्वतःचे संध्याकाळचे जेवण बंद केले. लोकांनी त्याला व्रत म्हटले, तात्यांनी नाही म्हटले नाही. पुरुषाच्या अडचणीला लोक व्रत म्हणतात, ही या राज्याची जुनी रीत आहे. एवढ्यात चुलीपासून कृष्णाबाई बोलिल्या, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं हुतं. वन्सं वरणावर तूप कधीच घेत न्हवत्या, आन् तुमी ताट चाटून पुसून आणत हुतासा. तवापास्नं मी तूप जास्तच वाढत आले."

सूनबाईंचे भय गेले, परंतु राग आला. त्या बोलिल्या, "आज माझा भाऊ मला न्यायला येतोय. हौसाआत्यास्नी पंचमीला न्यायला अकरा वर्सं कोण गेलं?" तात्या म्हणाले, "गाव काय म्हणंल?" सूनबाई बोलिल्या, "गाव काय म्हणायचं ते म्हणंल. मी भावाला इथंच थांबवून धरते. तुमी आत्यास्नी घेऊन आलासा, तर मी पंचमी करून परत येते. न्हाई आलासा, तर मी येत न्हाई." ही अट ऐकून तात्यांनी पटका बांधिला, कोल्हापुरी वहाणा चढविल्या, आणि स्वारी एस.टी.वर निघाली. गाडीत अर्धे गाव बसलेले. कंडक्टरने पंचमीच्या आदल्या दिवशीचा तो पटका पाहिला आणि तिकीट फाडिले, ते न विचारताच तालुक्याचे फाडिले, आणि बोलिला, "तात्या, येताना हौसाताईंसाठी पुढची सीट धरून ठिवतो." तात्यांनी त्याची बाही धरिली. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं रं?" तो बोलिला, "आता काय सांगायचं? बाजारच्या दिवशी समदी गाडी तिथंच जेवती. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून कुणी बोलत न्हवतं." मग मागून भावकीतला एकजण म्हणाला, "तात्या, झुणका लई झ्याक करती बघा ताई." आणि पूर्वेची व पश्चिमेची भावकी दोन्ही हसली. अकरा वर्षे एकट्याने राखलेली अब्रू सगळ्या गावाने मिळून राखली होती, आणि राजाला पत्ता नव्हता. आम्हीही तिथे जेवलो आहोत, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

स्टँडमागे पत्र्याची खाणावळ. हौसाबाई तव्याशी, केसांत वयाआधीच चांदी, कपाळी रुपयाएवढे कुंकू, यजमान गल्ल्यावर. तात्या दारात उभे राहिले. वाटेत जुळविलेले भाषण पार विसरले. तात्या कसेबसे बोलिले, "हौसा, पंचमीला न्यायला आलोय. चल." हौसाबाईंनी वर पाहिले आणि तव्यावरची भाकरी उलथून बोलिल्या, "अकरा पंचम्या मी दारात थांबले, दादा. आता ही भाकरी भाजूस्तवर तू थांब." मग तात्या थांबले. भाकरी तशी लवकर भाजते, परंतु ती भाकरी हौसाबाईंनी मुद्दाम मंद आचेवर भाजिली, आणि ती होईतो तात्या दारात उभे राहून लहान पोरासारखे रडले. मग हौसाबाईंनी पिशवी घेतली, यजमानांस "चार दिवस सांभाळा" म्हटले, आणि पुढच्या सीटवर बसून स्वारी राज्यात आली. बायका औक्षणाचे ताम्हण घेऊन वेशीतच उभ्या होत्या आणि "अगंबाई, बऱ्या झालात!" असे एकसुरात बोलिल्या, त्यांतल्या निम्म्यांनी गेल्याच बाजारी त्यांच्या हातचे खाल्ले होते.

येणेप्रमाणे मागल्या खोलीची मोहीम समाप्त जाहली. लढाईत एक कडी निघाली, एक व्रत पडले, जखमी कोणी नाही. तात्या आता उघड दोन वेळा जेवतात, जास्तीचे तूप बंद झाले आणि ढेरी उतरली आहे, याचा खुलासा गुरुजींस अद्याप सुचलेला नाही. सूनबाई त्याच दिवशी भावाबरोबर माहेरी गेल्या, तेथे चार दिवस फेर धरिले, झिम्मा खेळल्या, आणि पाचव्या दिवशी, कोणी न्यावयास न येता, सकाळच्या गाडीने आपल्या आपण घरी आल्या.