एल्सीची लाथ

तातेराव पाळकांनी जालन्याच्या मिशन कचेरीत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की साहेब, पोरगी तीन आठवडे माझ्याकडं राहील आणि तिच्या पायाला धूळसुद्धा लागणार न्हाई. आता पायाचंच नाव त्यांना कसं सुचलं, ते देवच जाणे! पुढचं सगळं महाभारत त्या पायांनीच घडवलं.

साहेब म्हणजे शिवाजीराव गायकवाड. जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांवरचे अधिकारी. उन्हाळ्यात परदेशाहून सेवेला येणारी तरणी पोरंपोरी गावोगावच्या पाळकांकडं वाटून द्यायचं काम त्यांच्याकडं. आदल्या वर्षी एका पाळकाकडचा पोरगा आंबे खाऊन खाऊन आजारी पडला होता, तेव्हापासून साहेब ताकही फुंकून प्यायचे. काही वेडंवाकडं दिसलं, तर त्याच पावली पोरीला जीपमध्ये घालून जालन्याच्या बंगल्यावर नेऊन बसवीन, असं त्यांनी बजावलं. पंधरा दिवसांनी रविवारच्या उपासनेला येऊन स्वतः बघणार होते. तातेराव म्हणाले, बिलकुल या.

हे साल सत्त्याऐंशी, मे महिना. पोरगी स्कॉटलंडची, एकोणीस वर्षांची. नाव एलस्पेथ. मंठ्यापासून चार कोसांवरच्या त्या गावानं ती बसमधून पुरती उतरायच्या आत तिची एल्सी करून टाकली. तिच्याजवळ एक पिशवी कपड्यांची, आणि दुसऱ्या पिशवीत टवके उडालेलं एक पांढरं तसराळं आणि टॉवेल. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तसे आपणही गरिबांचे पाय धुवायचे, असं ती घरून ठरवून आली होती. तिच्या तिकिटासाठी तिकडच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी वर्षभर लोकरीचे मोजे विणून विकले होते. त्या मोज्यांची पोरीला फार जाणीव होती.

पण सेवा करायची म्हणजे करून घेणारा लागतो, आणि तोच गावात मिळेना. एल्सीनं झाडू उचलला की पाळकांची बायको प्रभावतीबाई हिसकावून घ्यायच्या. त्यांना दोन मुलगेच, लेक नव्हती, त्यामुळं ही लेक घरात आल्यापासून त्या तिला पाटावरून उठू देत नव्हत्या. एल्सीनं विहिरीतून पाणी काढायला घेतलं, तर दोर हातून सुटला आणि बादली तळाला गेली. भाकरी थापली ती तव्यापर्यंत पोचलीच नाही. पोरांना गाणी शिकवायला बसवलं, तर पहिल्या कडव्यालाच पोरं कैऱ्या पाडायला पळाली.

पहिल्या रविवारी तिनं तसराळं काढलं. समोर बसल्या होत्या शेजारच्या दुर्गाबाई. साठीच्या, शेतात राबून काटक झालेल्या. एल्सी गुडघ्यावर बसून पायाला हात लावणार, तोच दुर्गाबाईंनी दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले. लेकीनं कुठं आपले पाय धरायचे असतात का? उलट त्यांनीच वाकून एल्सीच्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला. झालं! एकीनं केलं तेच सगळ्यांनी केलं. पाय धुवायला आलेल्या पोरीच्या पाया पडून बायका आपापल्या घरी गेल्या, आणि पाणी तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी ती ओसरीवर बसून रडली. तातेरावांशी ती इंग्रजीत बोलायची, बाकीच्यांशी पुस्तकातून शिकलेल्या मराठीत. ती तातेरावांना म्हणाली, काका, एवढ्या लांब येऊन मी कुणाच्याच उपयोगी पडले नाही, त्या म्हाताऱ्यांना काय तोंड दाखवू? पोरगी अशीच रिकाम्या हातानं परत गेली, तर साहेबांना दिलेला शब्द पाळूनही काय पाळला, असं तातेरावांना वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांना भाच्याचं लग्न लावायला भोकरदनला जायचं होतं. पोरीला प्रभावतीबाईंच्या हवाली करून ते चार दिवसांसाठी गेले.

आणि इकडं बायकांच्या गप्पा निघाल्या. निवडायला तूर घेतली की बायकांची बाळंतपणं निघतातच. प्रभावतीबाईंनी आपली दोन्ही सांगितली, मग एल्सीला तिच्या जन्माचं विचारलं. एल्सीनं उशी घेऊन हातवारे करून दाखवलं, की आईला फार त्रास झाला म्हणे, मी आधी पायाकडून आले. प्रभावतीबाईंच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

म्हणजे पोरगी पायाळू!

आता पायाळू माणूस म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. कमरेत उसण भरली, माणूस वाकला तो वाकलेलाच राहिला, की पायाळूची लाथ पाठीवर घ्यायची. डाव्या पायाची. तीन वेळा. गावातला एकुलता एक पायाळू कारभारी दोन वर्षांमागं वारला होता आणि तेव्हापासून अख्ख्या पंचक्रोशीच्या कमरा वाऱ्यावर पडल्या होत्या. प्रभावतीबाई पाळकाची बायको खऱ्या, पण आधी त्या तिथल्याच. हापशावर त्यांच्या तोंडून ही गोष्ट निसटली, आणि तिथंच उभ्या दुर्गाबाई आदल्या दिवसापासून उसणीनं हैराण झालेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुर्गाबाईंनी अंगणात पोतं अंथरलं आणि पालथ्या पडल्या.

"बाई, मार लाथ."

एल्सी घाबरून दोन पावलं मागं सरली. म्हातारीला लाथ? प्रभावतीबाईंनी परोपरीनं समजावलं. एल्सी मान हलवत राहिली, आणि मग एकाएकी थांबली. आत जाऊन तसराळं घेऊन आली. पुस्तकातल्या शुद्ध मराठीत तिनं दुर्गाबाईंना सांगितलं, की आधी आपले पाय धुऊ द्यावे, तरच लाथ मिळेल.

दुर्गाबाई पेचात पडल्या. लेकीकडून पाय धुऊन घ्यायचे म्हणजे पाप, पण कंबर ऐकेना. शेवटी एक डोळा आभाळाकडं लावून त्यांनी पाय पुढं केले. एल्सीनं ते भेगाळलेले पाय कोमट पाण्यात घेतले, सावकाश चोळले, टॉवेलनं बोटाबोटातून पुसले. दुर्गाबाईंचे पाय असे कुणी हातात घेतलेच नव्हते, आईच्या माघारी तर न्हाईच. डोळे पुसून त्या पालथ्या झाल्या. एल्सीनं अंगठा टेकवल्यासारखं केलं.

"अगं, गोंजारून काय राह्यली, बराबर मार!"

मग एल्सीनं बराबर मारली. एक, दोन, तीन. दुर्गाबाई उठल्या, जरा वाकल्या, सरळ झाल्या, आणि तशाच हंडा घेऊन हापशाकडं चालू लागल्या. गाव हे बघत होतंच.

चार दिवसांनी भर दुपारी तातेराव बसमधून उतरले तर चर्चच्या लिंबापासून थेट सडकेपर्यंत रांग! त्यांना वाटलं, लोकांना वचनाची भूक लागली. गहिवरून ते पुढं निघाले, तर मंठ्याचे ख्वाजामियाँ टेलर वाटेत आडवे आले. मशीनवर वाकून वाकून त्यांची पाठ कायमची धनुकली झाली होती.

"पाळकसाब, नंबर से आव. मी फजरची नमाज पढून निघालो, तरी अजून सातवा हाय."

कशाचा नंबर, ते पुढं गेल्यावर दिसलं. ओसरीवर बद्रीनाथ पाटील पालथे पडलेले, आणि त्यांच्या पाठीवर स्कॉटलंडचा डावा पाय.

तातेरावांनी तिथल्या तिथं रांग मोडली. साहेब रविवारी येणार, आज शुक्रवार. साहेबांना हे दिसलं तर पोरगी बंगल्यावर आणि आपण कुठं, ह्या विचारानं त्यांचा आवाज नको तेवढा चढला. ही अंधश्रद्धा आहे, पाळकाच्या दारात हे चालणार नाही, असं त्यांनी गावाला सुनावलं. एल्सीला आत बोलावून तेच इंग्रजीत सुनावलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली,

"काका, मी कुणाला बरं करत नाही, मला कळतं. पण लाथेच्या आशेनं ते मला पाय धुऊ देतात."

तातेरावांना ह्यावर उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी बंदी कायम ठेवली. आपल्यापैकी पुष्कळांचं असंच असतं. एल्सीनं तसराळं पुसून पिशवीत घातलं, मोजे चढवले, बूट चढवले, आणि त्या रात्री जेवली नाही. शनिवारीही ओसरीवर बसून राहिली. साहेबांबरोबर उद्या मीच जाते, असं तिनं प्रभावतीबाईंना सांगितलं. प्रभावतीबाईंनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. भाकरी ताटात वाढायच्या, पण दुरून. तातेरावांनाही गोड लागत नव्हतं, पण दिलेला शब्द मागं घ्यायचा कसा?

रविवारी सकाळी साहेबांसाठी चर्चमधलं बाक नीट लावावं म्हणून त्यांनी एकट्यानंच ते उचललं. कमरेत कट्ट झालं. तातेराव वाकले ते वाकलेच. त्याच अवस्थेत, जमिनीकडं बघत, ते चर्चशेजारच्या आपल्या घरात आले. लांब सडकेवर जीपचा धुरळा दिसत होता.

प्रभावतीबाईंनी दोन दिवसांनी तोंड उघडलं.

"मंग? अंधश्रद्धा भरली का कमरेत?"

तातेराव म्हणाले, दार लाव आणि एल्सीला बोलाव. एल्सी आली. तिनं एकवार त्यांच्याकडं बघितलं आणि पिशवीतून तसराळं बाहेर काढलं. तातेराव म्हणू लागले की वेळ नाही, नुसती लाथ दे. पण तिच्याकडं सगळ्यांना एकच नियम होता. तिनं त्यांना माजघराच्या उंबऱ्यावर टेकवलं, त्यांच्या चपला काढल्या. पाय धुण्याच्या त्या अध्यायावर तातेरावांनी वीस वर्षं उपदेश केला होता, पाणी मात्र आज लागलं. पोरगी मान खाली घालून एकेक बोट धूत होती. त्यांना वाटलं, हिला आपण काय म्हणून अडवलं! कंबर दुखत होती म्हणूनही असेल, पण पाळक रडले. रडत रडतच ते पालथे झाले.

तिसरी लाथ बसायला आणि दार उघडायला एक गाठ पडली. दारात साहेब. तातेराव जमिनीवर, एल्सीचा पाय त्यांच्या पाठीवर. साहेबांनी हळूच दार मागं लोटलं. जालना ते मंठा आणि तिथून पुढं चार कोस जीपमध्ये हादरून त्यांचा एक हात मघापासून कमरेवरच होता. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं,

"डावा का उजवा?"

तातेराव म्हणाले, "डावा. पण आधी पाय धुवावे लागतात, साहेब."

त्या दिवशी साहेबांनी अनवाणीच उपदेश केला, आणि लहानच केला. एल्सीला जालन्याला न्यायची गोष्ट त्यांनी काढली नाही. जाताना एवढंच सांगितलं, की अहवालात फक्त पाय धुण्याचं लिहा, उरलेलं लिहू नका. पुढचे दिवस रांग सकाळी लागायची आणि दुपारी उठायची. शेवटी शेवटी कंबर ठणठणीत असलेली माणसंही येऊ लागली. लाथ नको म्हणायची, नुसते पाय धुऊन घ्यायची आणि मग घटकाभर तिच्याजवळ बसायची.

ती निघाली त्या दिवशी ख्वाजामियाँनी तिच्या मापाचा परकर शिवून आणला. बस यायला वेळ होता. दुर्गाबाईंनी तिला लिंबाखाली बसवलं, तिचं तसराळं मागून घेतलं आणि समोर फतकल मारली.

"लेकी, आता माझी पाळी."

एल्सीनं पाय मागं ओढले नाहीत. दोघी रडल्या, आणि तोवर आलेल्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा थांबला. तसराळं तिनं प्रभावतीबाईंकडंच ठेवून दिलं.

दिवाळीच्या सुमारास तिचं पत्र आलं. इंग्रजीतलं, म्हणून तातेरावच वाचणार. दुर्गाबाई हंड्यावर हंडा घेऊन दारात थांबल्या होत्या, लिंबाच्या दांडीसारख्या ताठ. तातेरावांनी पत्र मनात वाचलं. मोज्यांच्या म्हाताऱ्यांनी तिला जवळ घेतलं होतं, सगळ्यांचे पाय कसे होते ते तिला एकेकाच्या नावानिशी आठवत होतं. आणि खाली लिहिलं होतं: काका, आईला सांगितलं तर ती हसत सुटली. पायाकडून जन्मला तो माझा भाऊ. मी अगदी सरळ आले, बिनत्रासाची. मी सगळ्यांना फसवलं का? कृपा करून गावाला खरं सांगा.

"काय म्हणती लेक?" दुर्गाबाईंनी विचारलं.

तातेरावांनी त्यांच्या डोक्यावरच्या दोन हंड्यांकडं बघितलं.

"बरी हाय. समद्यांला सलाम सांगितलाय."

पाळकीच्या वीस वर्षांत ते पहिल्यांदा असं अर्धवट बोलले. दुर्गाबाई गेल्या. तातेराव पत्र पवित्र शास्त्रात ठेवायला पेटीकडं वाकले, आणि कमरेत कट्ट झालं.

प्रभावतीबाई आतून तसराळं घेऊन आल्या. मुकाट्यानं त्यांचे पाय धुतले, टॉवेलनं पुसले, आणि म्हणाल्या, व्हा पालथे. तातेराव कण्हत म्हणाले,

"अगं, तू कुठं पायाळू हायस?"

"मंग ती तरी कुठं होती?" डावा पाय उचलत बाई म्हणाल्या. "मिशनच्या शाळेत इंग्रजी मीबी शिकलेय. पत्र सकाळीच वाचलं."