पाय पुढे असलेली सायकल

कुळगावच्या हरिचंद्र म्हात्रेच्या कमरेत भाताचं पोतं उचलताना उसण भरली आणि ती काही केल्या निघेना. घटना तशी खासगी स्वरूपाची होती. परंतु हरिचंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात तात्पुरता कारकून होता, रोज सायकलने जात होता, आणि होळीपर्यंत रोज भोंगा वाजायच्या आत हजर राहिला तर कायम होणार होता. त्यामुळे सगळ्या संसाराचा भार त्याच्या मणक्यावर येऊन पडला.

"सायकलवर ताठ बसलात तर कायमचे आडवे व्हाल," डॉक्टर म्हणाले. "टेकून बसत चला."

सायकलवर टेकायचं कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांच्या खात्यात येत नव्हतं.

मग हरिचंद्र उल्हासनगरच्या बाजारात टेकचंदच्या दुकानी गेला. टेकचंद सिंधमधलं घरदार मागे टाकून आलेला. त्यामुळे कुठलीही वस्तू टाकाऊ म्हणायला त्याची जीभ धजत नसे. लष्कराची छावणी उठली तेव्हा मागे राहिलेलं नाना तऱ्हेचं सामान त्याने जपून ठेवलं होतं. हरिचंद्राचं दुखणं ऐकून त्याने ढिगाऱ्यामागून एक लांबुळकं, बुटकं प्रकरण ओढून काढलं. दोन चाकांमध्ये वेताच्या पाठीची बैठक, आणि पाय मारायचे पायटे पार पुढच्या चाकाच्याही पुढे.

"ये क्या हाय?" हरिचंद्राने विचारलं.

"सायकल है, साईं. कोई गोरा साहब छोड़ गया. बैठने का नहीं, लेटने का. पैर आगे, और आराम से चलाने का."

हरिचंद्र तिच्यावर रेलला. कित्येक महिन्यांनी त्याची कंबर गप्प बसली आणि त्या सुखाने बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "घेतली!" तो म्हणाला.

"पहले चला के देखो. बिल्ला लगवाओ, फिर लेना," टेकचंद म्हणाला. कचेरीचा बिल्ला लावल्याशिवाय तेव्हा कुठलीच सायकल फार दिवस रस्त्यावर चालवता येत नसे.

सायकल झकास होती. दोष एकच, की तिच्यावर बसलेल्याचे तळवे समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे होत. गावाच्या वेशीत शिरताच दोघा-तिघांनी पाय पुढे करून आडवा येणारा माणूस पाहिला आणि रिवाजाप्रमाणे टोप्या काढून हात जोडले. "कोन गेला रं?" असं एकाने विचारलंसुद्धा. हरिचंद्राने पडल्यापडल्याच "मीच हाय, मामा!" म्हटल्यावर तो इतका दचकला की दोन दिवस अंथरुणाला खिळून होता.

पण खरी अडचण पुढे उभी होती, आणि तिचं नाव हिंदुराव. गावात हिंदुरावांना विचारल्याशिवाय लग्नाची तिथी धरत नसत.

"हरचंद्या! सकालच्या पारी मला पाय दाखवतंस?"

"पाय दाखवत नाय, तात्या. पायटे मारतंय."

"माज्या तोंडाकरं बघून मारतंस ना!"

तक्रार कचेरीत हरिचंद्राच्या आधी पोचली. बिल्ला देणारे अधिकारी धर्मराज कारखानीस लांब हातांच्या आरामखुर्चीत पहुडले होते. दोन्ही पाय खुर्चीच्या हातांवर टाकलेले, तळवे जनतेकडे. जनता हात जोडून उभी होती.

"नियमानुसार वाहनचालक बसलेला असतो," साहेब म्हणाले. "रस्त्यावर आडवा असलेला इसम तीन प्रकारचा असू शकतो. प्यालेला, आजारी किंवा मयत. आपण यांपैकी कोण?"

"मी कारकून हाय, साहेब."

"तात्पुरते की कायम?"

"तात्पुरता."

"म्हणजे तेही नक्की नाही. शिवाय आपण वडीलधाऱ्यांना पाय दाखवता, अशी तक्रार आहे."

हरिचंद्राची नजर नको तिथे गेली. "साहेब, पाय तर... तुमचेपण..."

"माझे पाय कार्यालयीन आहेत," साहेब शांतपणे म्हणाले.

तरी साहेब मनाने मोकळे होते. त्यांनी तात्पुरता बिल्ला दिला, एका अटीवर: 'समोरून वडीलधारी अथवा प्रतिष्ठित व्यक्ती आल्यास चालकाने वाहन थांबवून, उतरून, उभे राहून नमस्कार करावा व सदर व्यक्ती नजरेआड झाल्यावरच पुन्हा पहुडावे.'

प्रतिष्ठित कोण, हे अटीत लिहिलेलं नव्हतं. ते ज्याचं त्याने ठरवलं.

पहिल्या दिवशी हरिचंद्र फक्त हिंदुरावांसाठी उतरला. दुसऱ्या दिवशी हिंदुराव आपले व्याही घेऊन आले. मग जनू न्हावी वस्तरा बाजूला ठेवून रस्त्यात आला. "सगल्या गावाचं डोकं माज्या हातात असतं, मी काय कमी हाय?" बकुळाआजी कंदील घेऊन पहाटेपासून वळणावर बसू लागली. "घरात सून उठून उभी राहत नाय. ह्यो तरी उतरतो!" ज्यांना स्वतःच्या ओसरीवर कुणी विचारत नव्हतं, ते सगळे आंघोळी आटोपून, धुतलेले सदरे घालून रस्त्याच्या कडेला येऊन थांबू लागले. पाहता पाहता कुळगावात प्रतिष्ठित नाही असा एकच माणूस उरला. तो सायकलवर होता.

बुटक्या सायकलवरून दर दहा पावलांना उठायचं म्हणजे उसण भरलेल्या माणसाला फाशीच. हरिचंद्र कळवळत उठे, हात जोडे, पुन्हा रेले. पलीकडे अंबरनाथला भोंगा वाजून जाई.

"पडून येता, मग उशीर होणारच," टाइमकीपर म्हणाला. कारखान्याच्या साहेबांनी बोलावून शेवटची संधी दिली: सोमवारी भोंग्याच्या आत, नाहीतर घरी.

त्या रात्री वेणू, हरिचंद्राची बायको, कंबर शेकता शेकता रडली. "कचेरीत जावा. सायबाच्या पाया परा, पन ती अट कारून घ्या. पोरांच्या तोंडाकरं बगा."

हरिचंद्र शनिवारीच कचेरीत गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. अट काढण्यापूर्वी वाहनाची सखोल तपासणी आवश्यक आहे, असं त्यांचं मत पडलं. सायकल आत नेण्यात आली. सोमवारी सकाळी लवकर येऊन घेऊन जा, असा हुकूम झाला.

सोमवारी तो उजाडताच आला, तरी साहेबांच्या भेटीची रांग लागलेलीच होती. कचेरीच्या व्हरांड्यात आरामखुर्चीच्या जागी आता वेताच्या पाठीची ती बैठक होती. चाकं काढून ती विटांवर पक्की केली होती, आणि साहेब तिच्यावर रेलून तपासणी करत होते. पाय पायट्यांवर, तळवे जनतेकडे. रांगेत सर्वांत पुढे हिंदुराव होते. साहेबांचे तळवे त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होते आणि हिंदुराव हात जोडून हसत होते.

"साहेब, बैठक अगदी तुमच्या मापाची," ते म्हणाले.

अंबरनाथचा भोंगा वाजला. हरिचंद्राने तो रांगेतूनच ऐकला. त्याने पुढच्या माणसाला सांगून पाहिलं, शिपायाला सांगून पाहिलं. दोघेही म्हणाले, रांगेने या. भोंगा थांबला तशी त्याच्या कमरेतून जोराची कळ आली आणि तो दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पार वाकला. नोकरी गेली होती. सायकलही.

साहेबांचं लक्ष तिकडे गेलं. ते प्रसन्न झाले.

"बघा," ते रांगेला म्हणाले, "हाच माणूस मला पाय शिकवायला आला होता. आता कसा नम्रपणे वाकून उभा आहे!"

रांगेने माना डोलावल्या. रांग फार लांब होती. गावातले झाडून सारे प्रतिष्ठित तिच्यात होते, मागे कुठेतरी मी होतो, माझ्या मागे तुम्ही. सगळेच वाकलेले होतो. त्यातल्या एकट्या हरिचंद्राची कंबर दुखत होती.