वाळत घातलेले उत्तर

डुलक्याचे पत्र आले त्याच दिवशी ग्रंथपालांनी उत्तर लिहायचे ठरवले होते. हे बायकोलाही मान्य होते. फक्त त्या दिवसाला आता वर्ष होत आले होते.

पत्राबरोबर डुलक्याने लाकडाचा एक तुकडा पाठवला होता. वीतभर लांब, दोन बोटे जाड आणि एका अंगाने काळपट. पत्र चार ओळींचे होते. "प्रिय पुस्तक्या, निवृत्त झाल्यापासून तू लाकडाची पेनं करतोस असं कळलं. हे लाकूड कशाचं आहे ते ओळख. ओळखलंस तर याचं पेन कर आणि त्याच पेनाने मला उत्तर लिही. नाही ओळखलंस तर मी समजेन, तू सगळं विसरलास." खाली एक चेहरा काढला होता. तो हसरा आहे की रुसलेला, यावर ग्रंथपालांनी दोन संध्याकाळी घालवल्या. डुलक्याला चित्रकला कधीच जमली नव्हती.

कॉलेजच्या दिवसांत दोघे वाचनालयातल्या लांब टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी बसत. एक जण पुस्तकात डोके घालून बसे आणि दुसरा पुस्तकावर डोके ठेवून. एकाला पुस्तक्या आणि दुसऱ्याला डुलक्या ही नावे तिथेच पडली. खिडकीबाहेर एक मोठे झाड होते. दुपारी त्याची सावली टेबलावर उतरली की डुलक्याची झोप आणखी गाढ होई. ग्रंथपालांनी तुकड्याच्या काळपट अंगावरून बोट फिरवले. ही साल! खिडकीबाहेरचे झाड पाडले असणार.

बायकोने तुकडा नाकाशी नेला. "याला कपाटाचा वास येतोय."

"झाडाला कपाटाचा वास कसा येईल?"

"तेच म्हणतेय मी."

ग्रंथपालांनी तुकडा हळूच काढून घेतला. आपले चुकत असेल अशी शंका त्यांना दिवसातून दहादा येई, पण नेमकी त्या दिवशी आली नाही.

त्यांना भीती वेगळीच होती. गॅलरीतल्या छोट्या लेथवर ते पेने सुबक करत, पण ती पुढे तडकत. पेनाच्या आत पितळेची नळी असते. वरचे लाकूड वाळत वाळत आकसते, नळी काही आकसत नाही, आणि मग बिचारे लाकूड उभे फाटते. मेव्हण्याला निवृत्तीच्या समारंभात दिलेले पेन तो आभाराचे भाषण करत असताना त्याच्या खिशातच तडकले. त्या आवाजाने मेव्हणा दचकून मटकन खाली बसला. लोकांना वाटले, भाषण संपले. टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या टाळ्या आपल्याला जन्मात पडल्या नव्हत्या, असे मेव्हणा अजून सांगतो.

डुलक्याच्या लाकडाचे असे होऊन चालणार नव्हते. ग्रंथपालांनी पुस्तके आणली आणि डाव्या हाताने पाने उलटत, ही त्यांची जुनी सवय, ती वाचून काढली. ओल्या लाकडातले पाणी टोकांकडून घाईने पळते म्हणून टोके तडकतात. तेव्हा टोकांना मेण लावावे. तुकडा भुशात घालून, कागदी पिशवीत, ऊनवारा लागणार नाही असा ठेवावा. अधूनमधून वजन करावे. वजन घटायचे थांबले की लाकूड वाळले.

त्यांनी मेण लावले, भुसा भरला आणि पिशवी कपड्यांच्या कपाटात ठेवली. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ते आकडा कॅलेंडरवर लिहू लागले. पहिल्या दिवशी एकशे बारा ग्रॅम. दुसऱ्या दिवशी एकशे बारा. महिना उलटला, कॅलेंडरचे पान उलटले, एकशे बारा कायम.

"थांबलंय की मग घटायचं," बायको म्हणाली.

"अगं, सुरूच झालेलं नाही, तर थांबेल कसं?"

बायकोने कपाळाला हात लावला आणि भाजी चिरायला घेतली.

रविवारी लेक आली. तिने कॅलेंडर पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा, रोज एकशे बारा? तुमची शुगर किती छान कंट्रोलमध्ये आहे! आणि रोज तपासता? मला बोलला नाहीत कधी!"

ग्रंथपालांनी तोंड उघडले. पण लेकीने इतके कौतुक केल्याला बरीच वर्षे झाली होती. त्यांनी तोंड मिटले. बायको पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते.

लेकीने ही बातमी सासरी सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रंथपाल तुकडा काट्यावर ठेवत असतानाच, व्याह्यांचा फोन आला.

"एकशे बारावर कसं काय टिकवलंत हो? आम्ही तर सगळे उपाय करून थकलो."

कुणीतरी आपुलकीने विचारतेय याचेच ग्रंथपालांना अप्रूप वाटले. "विशेष काही नाही. टोकांना मेण लावलं आणि कपाटात अंधारात ठेवलं."

"बरं," व्याही जपून म्हणाले, "विहीणबाईंना द्या बघू जरा फोन."

असे महिने जात राहिले. ग्रंथपालांनी काट्यावर संशय घेतला आणि नवा काटा आणला. तोही एकशे बाराच म्हणाला. डुलक्याला साधे चार ओळींचे पत्र टाकावे असे कितीदा मनात आले. पण त्याने अट घातली होती, त्याच पेनाने लिही. आता दुसऱ्या पेनाने लिहिले, तर न ओळखल्याची कबुलीच झाली. शिवाय उशिराबद्दल काय लिहायचे? जितका उशीर होई, तितके उत्तर जड होत जाई. वजन वाढत होते ते फक्त त्याचेच.

शेवटी एका पुस्तकात उपाय सापडला. हट्टी लाकूड पाण्यात उकळावे. मग ते सगळीकडून सारखे वाळते आणि सहसा तडकत नाही. बायको बाजारात गेली तशी ग्रंथपालांनी तिचे मोठे पातेले चढवले, टोकांचे मेण खरवडले आणि तुकडा आत सोडला.

थोड्या वेळाने पाणी निळे झाले.

आधी फिकट, मग चांगले गडद. काळी साल पापुद्र्यासारखी सुटून वर तरंगू लागली. बायको परतली तेव्हा ग्रंथपाल चष्म्यावर वाफ धरून पातेल्यात बघत होते.

"माझ्या पातेल्यात काय रटरटतंय हे?"

"शाई," ग्रंथपाल पुटपुटले. "अगं, ही साल नव्हे, पॉलिश आहे. आणि ही आमची शाई."

एका दुपारी डुलकी घेताना डुलक्याचे डोके कलंडले आणि शाईची भरलेली दौत टेबलावर आडवी झाली होती. पुसली तेवढी पुसली, बाकीची लाकडाने पिऊन टाकली. वाचनालयाच्या बाई कडक होत्या. डाग दिसता तर दोघांचे कार्ड गेले असते, आणि परीक्षा तोंडावर होती. मग दोघांनी पाळी लावली. बाई फेरीला आल्या की ज्याची पाळी त्याने डागावर कोपर ठेवायचे. डुलक्या पाळीतही झोपून जाई, त्यामुळे बहुतेक वेळा कोपर पुस्तक्याचेच असे. उजवे कोपर डागावर, पाने डाव्या हाताने उलटायची. परीक्षा झाली, टेबलाला पुढे कधीतरी पॉलिश झाले, ते स्वतः ग्रंथपाल होऊन निवृत्तही झाले. पाने मात्र अजून डाव्या हातानेच उलटत होती.

"म्हणजे टेबल!" बायको म्हणाली. "कपाट म्हणाले तेव्हा बरीच जवळ आले होते मी."

"पन्नास वर्षांचं टेबल! म्हणजे ते कधीचंच वाळलेलं होतं." ग्रंथपालांनी तुकडा चिमट्याने बाहेर काढला. त्यातून पाणी निथळत होते. त्यांनी सवयीने वजन केले आणि सवयीनेच कॅलेंडरवर लिहिले. एकशे एकोणपन्नास.

दुसऱ्या सकाळी लेक काही आणून द्यायला आली होती. स्वयंपाकघरातून तिची किंकाळी आली. "आई! बाबांना एकशे एकोणपन्नास! काल काय खाल्लं त्यांनी?"

"मी काही खाल्लं नाही गं. ते टेबलाचं आहे."

"टेबलाला शुगर?"

सगळे सांगून होईपर्यंत लेक हसून हसून खाली बसली होती. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. टक्.

तिघेही ओट्याकडे वळले. तुकड्याच्या एका टोकापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती.

ग्रंथपाल खुर्चीत बसले. "आता खरंच ओलं झालंय. पुन्हा मेण, पुन्हा भुसा. निदान वर्षभर तरी…"

"आणि त्या डुलक्यांनी तोवर काय करायचं?" बायकोने विचारले. "त्यांनाही मेण लावून कपाटात ठेवायचं का?"

लेक हसली नाही. ग्रंथपालही हसले नाहीत. डुलक्या त्यांच्याहून एका वर्षाने मोठा होता.

"त्यांनी ओळखायला सांगितलं," बायको हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही ओळखलंत. आता करा की पेन."

ग्रंथपालांनी पेन केले. लाकूड तापू नये म्हणून थांबत थांबत भोक पाडले, चिरेत भुसा आणि डिंक भरला, अगदी हलक्या हाताने आकार दिला. उकळूनही न गेलेला निळा पट्टा बरोबर मधोमध आला. पण ओले लाकूड वाकले होते. निबाचा भाग काही घट्ट बसेना. ग्रंथपालांनी नाइलाजाने तसेच लिहायला घेतले. बायको पत्ता घातलेला लिफाफा घेऊन शेजारी उभी होती. ती हलणार नव्हती हे उघड होते.

"प्रिय डुलक्या, ओळखलं." एवढे लिहून झाले आणि निबाच्या मुळातून टपकन थेंब पडला. कागदाच्या मधोमध निळा डाग पसरला.

ग्रंथपालांचा डावा हात वहीतल्या कोऱ्या कागदाकडे गेला. बायकोने वहीच उचलून घेतली. "कोपर बघा तुमचं," ती म्हणाली.

त्यांचे उजवे कोपर डागाच्या अगदी कडेला जाऊन थबकले होते. त्यांना कळलेही नव्हते.

मग त्यांनी डागाखाली लिहिले, "आता तुझी पाळी. कुणी आलं तर कोपर ठेव. झोपू नकोस."

"शाई जरा वाळू दे हं," ते म्हणाले.

"वाळवणं पुरे!" म्हणून बायकोने टिपकागद दाबला आणि लिफाफा चिकटवला.

कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत त्यांनी तो टाकला. आत टक् असा आवाज झाला. ग्रंथपाल दचकले, त्यांचा हात खिशावर गेला. पेन शाबूत होते. खिसा मात्र निळा झाला होता, आणि सदरा नवा होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, डागावर हात आडवा धरला आणि वाचनालयाच्या बाई फेरीला आल्यावर ते बसत तशा निरागस चेहऱ्याने घराकडे निघाले.