लाल दिवा आणि निकेशचं बोट

"माणगावपासून समुद्रापर्यंत माझ्या नजरेतून सुटलेला गुन्हेगार अजून जन्मायचाय," असं डिटेक्टिव्ह निकेश स्वतःबद्दल सांगतो. खरंय. सापडलेलाही जन्मायचाय. मी किशोरी, त्याची सहायक. पिशवी, लॅपटॉप आणि स्वतःचं तोंड सांभाळते.

त्या दुपारी म्हसळ्याच्या खाडीकाठी नूरबानूचाचींकडे वायफाय जोडून द्यायला गेलो. चार वाजता त्यांच्या लेकीची, महनूरची मंगनी. नवरा मुलगा कैस दोह्याला नोकरीला. रजा मिळाली नाही, म्हणून तो फोनवर बघणार होता. घरात मोबाइलला रेंज नाही आणि राऊटर जळालेला. हाताशी होता तो एका बंद पडलेल्या कंपनीच्या ऑफिसातला वायफायचा डबा.

असे डबे एका मुख्य यंत्राच्या हुकमाशिवाय काही करत नाहीत. एकट्याने चालवायचे तर आत दुसरं फर्मवेअर, म्हणजे डब्याला चालवणारी नवी अक्कल, घालावं लागतं. म्हणजे, एकत्र कुटुंबातल्या मुलाला वेगळं बिऱ्हाड करायला शिकवायचं.

लॅपटॉपवर नव्या फर्मवेअरची फाइल तयार होती, वायर जोडलेली होती. निकेशने डब्याचं बटण दाबून धरलं, मी वीज चालू केली.

"हा डबा कुणाची तरी वाट बघतोय!" बटण सोडून त्याने खिडकीकडे बोट रोखलं. "टोळी आहे!"

डबा जुन्याच अकलेने सुरू झाला.

दुसऱ्यांदा बोट खाऱ्या हवेवर रोखलं गेलं. तिसऱ्यांदा शेजारच्या रफिकवर.

"हा सारखा आत का येतो?"

"खुर्च्या न्यायला," रफिक म्हणाला आणि खुर्च्या घेऊन गेला.

चौथ्यांदा माझ्यावर.

"साडेतीन झाले," चाची म्हणाल्या. "पोराला अर्ध्याच तासाची सुट्टी हाय."

मेंदीचे हात सावरत महनूर लॅपटॉपवरच्या सूचनांवर वाकली. "यात लिहिलंय, दिवा लाल होईपर्यंत बटण सोडायचं नाही. तुम्ही दर वेळी सोडता."

"आरोप करायला बोट लागतं," निकेश म्हणाला.

"मग दुसऱ्या हाताचं वापरा ना."

"डाव्या हाताने आरोप? शोभत नाही."

चाचींनी त्याला बाजूला सारून बटणावर अंगठा टेकवला. मी पुन्हा वीज लावली. तीस मोजेपर्यंत दिवा लाल झाला, चाचींनी अंगठा उचलला आणि फाइल निमूटपणे आत गेली. मी वायफायला नाव आणि पासवर्ड दिला.

चारला महनूरच्या होणाऱ्या सासूने तिच्या बोटात अंगठी घातली. फोनवर कैसचा चेहरा होता. तो हलतच नव्हता.

"चित्र अडकलं!" निकेश पुढे झेपावला. "फर्मवेअरमध्ये घातपात!"

"गप रे," चाची हळूच म्हणाल्या. "रडतोय तो."