कपडे वाळत घालायची तार

पाटणकर साहेबांना सलाम केला, की ते "कसा आहेस?" असं कधी विचारत नाहीत. मान तिरकी करून ऐकतात आणि मार्क देतात. "पाच-सात. ठीक." किंवा, "पाच-चार! काय रे, जेवला नाहीस?" पहिला आकडा बोलणं किती स्पष्ट त्याचा, दुसरा आवाज किती जोरदार त्याचा. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. सातवीत शाळा सोडेपर्यंत मला ते कुणी दिले नाहीत, आणि साहेबांनीही नाहीत.

साहेब नाशिकचे, इथे कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. मी रत्नागिरीकडचा, फरवानियातल्या त्यांच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार. गच्चीची किल्ली माझ्याकडे, माझा अकामा, म्हणजे इथे राहायचा कागद, मालकाच्या हातात. त्यामुळे मला सगळ्याचीच धाकधूक.

साहेबांना छंद हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या रेडिओवरून दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलण्याचा; मार्क द्यायची रीत तिथलीच. गच्चीवर दोन काठ्या, मधे लांब तार. तिच्यावरून म्हणे जपान, ब्राझीलशी बोलणं होतं. परवाना मंत्रालयाचा, लॅमिनेट केलेला, कायम खिशात. पण गच्चीवर काय उभं राहील ते ठरवणार बलदिया, म्हणजे नगरपालिका, आणि मालक. "हवा मंत्रालयाची, गच्ची मालकाची," साहेब म्हणायचे, "आणि मी मधे लोंबकळतोय! पण भांडणार. कागद आहे माझ्याकडे."

मागच्या महिन्यात मालकाचा माणूस अचानक तपासणीला आला. साहेब ड्यूटीवर. मी इथे नवा असताना तापाने पडलो, तेव्हा त्यांनी आठ दिवस पेज आणून दिली होती. ती आठवली आणि धावत वर जाऊन तारेवर माझी चादर, दोन लेंगे, बनियन टाकले.

"अन्वर, ये क्या है?"

"कपडे की रस्सी है, बाबा. मेरी."

"छत पे कपडा मना है! नोटीस लिफ्ट में तुमने खुद चिपकाया!"

चिकटवली होती खरी. अरबीत होती, मला काय कळणार? आठवड्यात दोरी उतरली नाही तर दुसरा हारिस आणू, असं सांगून तो गेला.

साहेब आले. सगळं ऐकून आधी पोट धरून हसले, मग खिशातून कागद काढला. वाचला आणि परत ठेवला.

"हा दाखवला तर तार माझी ठरेल, आणि तू खोटा ठरशील."

"पण साहेब, तुम्ही तर भांडणार होतात..."

"किल्ली आण."

ऊन उतरायच्या आत आम्ही तार गुंडाळली. जाताना त्यांनी एक जाड वही माझ्या हातात दिली. कोणाशी बोलणं झालं त्याची रोजची नोंद. "घरात नुसती पडलेली बघवणार नाही. तूच ठेव."

मी ती चाळली. जपान क्वचित. ब्राझील वर्षात दोनदा. बाकी पानापानावर नुसत्या रेघा. साहेबांनी हाक मारली, कुणी ओ दिली नाही. पण रोज सगळ्यात वर मराठीत एक ओळ भरलेली. 'गेट. अन्वर. पाच-सहा.' 'गेट. अन्वर. पाच-तीन, खोकला.' 'गेट. अन्वर. पाच-दोन. घरून फोन आलेला दिसत नाही.'

काल ड्यूटीवरून येताना साहेबांनीच आधी हाक मारली. आवाज इतका बारीक, की रस्त्यावरच्या बसच्या हॉर्नमध्ये निम्मा बुडाला. मी मान तिरकी केली.

"पाच-नऊ, साहेब."

ते थांबले. मग माझ्या स्टुलाशेजारच्या पायरीवर बसले, बराच वेळ.

ते वर गेल्यावर मी वही उघडली आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: 'गेट. पाटणकर साहेब. पाच-नऊ.'